हातात एकच फोटो: 'टॉप मॉडेल' देशोदेशीचं

माझं पोट व्हिडिओ एडिटिंगवर चालतं. दुसऱ्यांनी शूट करून आणलेल्या ढिगातून गोष्ट उपसून काढायची, हे काम. त्यामुळे रिअ‍ॅलिटी शो बघताना मला रडणाऱ्या मुलीच्या आधी तिच्या रडण्यावर मारलेला कट दिसतो, आणि सोबत बघायला बसलेले वैतागतात. पण याच सवयीपायी मी 'टॉप मॉडेल'च्या, म्हणजे देशोदेशी निघणाऱ्या मॉडेलिंगच्या टीव्ही-स्पर्धेच्या, नादी लागले. गाण्याच्या स्पर्धेत सूर खरंच लागला होता का, हे घरात बसून सांगणं कठीण. आवाजावर नंतर काय काय संस्कार झालेले असतात. स्वयंपाकाच्या स्पर्धेतली चव तर पडद्याबाहेर येतच नाही. इथे मात्र ज्यावर निकाल लागतो ती वस्तूच आपल्यासमोर धरली जाते. फोटो. त्यावरही नंतर हात फिरवलेला असतो, मान्य; पण डोळ्यांतली जाण, मानेचा कोन, हातांचं काय करायचं हे कळणं, या गोष्टी कॉम्प्युटरवर आणता येत नाहीत. परीक्षकांचं ऐका, फोटो बघा, पटलं नाही तर खुशाल भांडा.

म्हणून वेगवेगळ्या देशांच्या आवृत्त्या तोलताना माझा काटा एकच: तो फोटो कुणी मध्यभागी ठेवला आणि कुणी बाजूला सारला.

आधी मूळ यंत्र समजून घेऊ. 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' २० मे २००३ रोजी यूपीएन नावाच्या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालं. कर्तीकरविती टायरा बँक्स. स्वतः गाजलेली मॉडेल, आणि इथे निर्माती, सूत्रधार, मुख्य परीक्षक, सगळं तीच. पहिल्या पर्वात दहा मुली होत्या. एड्रियन करी जिंकली. २००६ मध्ये कार्यक्रम सीडब्ल्यू वाहिनीवर गेला, नंतर व्हीएच१ वर, आणि २०१८ पर्यंत २४ पर्वं झाली.

एका भागाचा सांगाडा असा: मुली एका घरात कोंडलेल्या. आठवड्यात एक छोटी परीक्षा, कधी चालण्याची, कधी कॅमेऱ्यासमोर बोलण्याची. मग फोटोशूट. मग परीक्षकांची बैठक, जिथे प्रत्येकीचा निवडलेला एकच फोटो मोठ्या पडद्यावर येतो. शेवटी टायरा एकेकीचं नाव घेऊन तिचा फोटो तिच्या हाती देते, सगळ्यात सरस आधी. उतरत्या क्रमानं यादी संपत जाते, दोघी उरतात, आणि टायराच्या हातात फोटो एकच असतो.

माझ्या धंद्यातल्या माणसाला या रचनेचा हेवा वाटतो. गुण सांगायची गरज नाही, आकडे दाखवायची गरज नाही. नावं पुकारण्याच्या क्रमातूनच सगळा आलेख तयार होतो. गेल्या आठवड्यात पहिली आलेली आज शेवटच्या दोघींत का, एवढा प्रश्न पुढच्या भागापर्यंत माणसाला धरून ठेवतो. मधूनमधून ठरलेले खांब आहेत: केस कापण्या-रंगवण्याचा रडारडीचा भाग, परदेशवारी (पहिल्या चार पर्वांत पॅरिस, मिलान, टोकियो, केप टाऊन), आणि 'गो-सी', म्हणजे अनोळखी शहरात घड्याळाशी झुंजत डिझायनरांची दारं ठोठावणं. माझा सगळ्यात आवडता भाग तोच. तिथे मॉडेलिंग हे काम आहे, पाय दुखवणारं, नकार पचवायला लावणारं, हे पहिल्यांदा दिसतं.

आता झाकलेल्या बाजूविषयी. कॅमेऱ्यासमोर एकटीनं बसून दिलेली ती 'मनातलं सांगते' छापाची बाइट बघा. अशा बाइटमध्ये प्रश्न कापलेला असतो, उत्तर पूर्ण वाक्यात देऊन घेतलेलं असतं, म्हणजे ते कुठेही चिकटवता येतं. बोलणारीच्या चेहऱ्यावरून शॉट दुसरीकडे वळला आणि आवाज तेवढा चालू राहिला, की मी कान टवकारते: इथे दोन वाक्यं जोडून तिसरं केलेलं असू शकतं. परीक्षकांच्या बैठकीत कुणीतरी डोळे फिरवते, तो शॉट त्याच क्षणाचा असतो याची खात्री नाही. यात गुन्हा काही नाही, आम्ही सगळेच करतो. पण 'रिअ‍ॅलिटी'ला लेखक कशाला लागतो असं विचारणाऱ्यांना मी २००६ सालचं उदाहरण देते. त्या वर्षी याच कार्यक्रमाची गोष्ट रचणारी मंडळी संपावर गेली. आम्ही लेखकाचंच काम करतो, तेव्हा लेखकांच्या संघटनेचा करार आम्हालाही लागू करा, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि कार्यक्रम त्यांच्यावाचून पुढे गेला.

सौंदर्याच्या बाबतीत टायराचं धोरण दोन तोंडांनी बोलायचं. दहाव्या पर्वात (२००८) व्हिटनी थॉम्प्सन ही भरल्या अंगाची पहिली विजेती झाली. तेराव्या पर्वात साधारण १७० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलींनाच घेतलं. बाविसाव्यात (२०१५) नाइल डिमार्को हा कर्णबधिर तरुण जिंकला. हे सगळं खरं आणि कौतुकाचं. पण सहाव्या पर्वात डॅनियल इव्हान्सच्या पुढच्या दातांतली फट बुजवण्यासाठी तिच्यामागे लकडा लावला गेला, ती थोडी बुजवून घेऊन डॅनियल जिंकली. आणि पंधराव्या पर्वात, २०१० मध्ये, चेल्सी हर्स्ली नावाच्या मुलीची तशीच फट मुद्दाम रुंद करण्यात आली. चार वर्षांत फॅशन फिरली, दंतवैद्याची खुर्ची तीच. चौथ्या पर्वातलं मुलींना दुसऱ्या वंशाचं रूप रंगवून देणारं शूट आणि आठव्यातलं खून झालेल्या बायकांची पोझ देणारं शूट आज बघवत नाही. २०२० मध्ये जुने भाग लोकांनी पुन्हा उकरले तेव्हा, त्या काळातले काही निर्णय चुकलेच, असं टायरानं जाहीरपणे मान्य केलं.

आणि मग तिनं तो फोटोच कमकुवत केला. २०१२ मध्ये नायजेल बार्कर, जे मॅन्युएल आणि जे. अलेक्झांडर या जुन्या तिघांना काढलं. यांतला बार्कर स्वतः फोटोग्राफर. प्रकाश कुठून येतोय आणि ती त्यात का नाही, हे तो दोन वाक्यांत सांगायचा. एकोणिसाव्या पर्वापासून एक ते दहा गुण आले, छोट्या परीक्षेचे गुण त्यात मिळवले गेले, वर सोशल मीडियावरची मतं. बेरीज सुरू झाली आणि माझं बघणं थांबलं. परीक्षकाला एक फोटो आवडणं ही गोष्ट आहे. त्या फोटोला ८.२ मिळणं हा हिशेब आहे.

आता बाहेरचे देश. एखाद्या देशाची आवृत्ती उभी करायला काय लागतं, ते आधी सांगते, कारण सगळे फरक तिथूनच निघतात. एक सूत्रधार, जिची स्वतःची कारकीर्द दांडगी. विजेतीला करार देणारी एजन्सी, म्हणजे मॉडेलना कामं मिळवून देणारी संस्था. मुखपृष्ठ देणारं मासिक. आणि पैसा ओतणारी सौंदर्यप्रसाधनांची किंवा कपड्यांची कंपनी. ज्या देशात या चारही गोष्टी भक्कम, तिथे कार्यक्रम टिकतो. जिथे बाजार लहान, तिथे शेजाऱ्याचा हात धरावा लागतो: ब्रिटनच्या आवृत्तीनं २०११ मध्ये आयर्लंडलाही नावात घेतलं. अमेरिकेनं तर अठराव्या पर्वात ब्रिटिश आवृत्तीतल्या जुन्या स्पर्धक बोलावून सात अमेरिकी विरुद्ध सात ब्रिटिश असा सामना लावला, आणि यजमानांच्या नाकावर टिच्चून ब्रिटिश सोफी समनर जिंकली.

जर्मनी हे यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. प्रोझीबेन वाहिनीवर २००६ पासून तिथली नावाजलेली मॉडेल हायडी क्लूम चालवते आहे, आणि मूळ अमेरिकी कार्यक्रम बंद पडला तरी हिचा गाडा चालूच राहिला. फोटो देण्याचा विधी हायडीनं उचलला, पण उलटा करून. टायराचं नाट्य फोटो कुणाला मिळणार यात होतं. हायडीचं गाजलेलं वाक्य मात्र नकाराचं आहे: 'आज तुझ्यासाठी माझ्याकडे दुर्दैवानं फोटो नाही.' जर्मनीत हे वाक्य शाळेतल्या पोरांनाही पाठ. बाकी कार्यक्रम खूप लांब, जाहिरातींसकट दोन तासांच्या वर जातो, आणि त्यात फोटोशूटइतकंच वजन कास्टिंगला असतं. खऱ्या कंपन्या येतात, मुलींना चालवून बघतात, एखादीला काम देतात. कामासाठी निवडली गेलेली मुलगी आणि त्या आठवड्यात वाईट फोटो आलेली मुलगी एकच असू शकते, आणि मग हायडीला दोन सत्यांमधून वाट काढावी लागते. मला हे अमेरिकेपेक्षा प्रौढ वाटतं. जाहिरातदारांचा वावर इतका उघड आहे की फसवणूक तरी वाटत नाही. विजेत्यांचं काम बघणारी एजन्सी अनेक वर्षं हायडीच्या वडिलांकडे होती, हे मात्र घशाखाली उतरायला जड. परीक्षक लेक, मॅनेजर बाप.

जर्मन आवृत्तीची खरी घसरण अंतिम फेरीत होते. भव्य सभागृह, थेट प्रक्षेपण, पाहुणे गायक, आतषबाजी. १४ मे २०१५ ला मानहाइममधली अंतिम फेरी बॉम्बच्या धमकीमुळे मध्येच थांबवून सभागृह रिकामं करावं लागलं, आणि निकाल काही दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये, बंद दाराआड चित्रित करून दाखवला. माझ्या मते ती आटोपशीर अंतिम फेरीच जास्त बघणेबल होती. बदल करायला मात्र हायडी घाबरत नाही. २०२१ मध्ये अलेक्स मरिया पीटर ही ट्रान्स विजेती झाली. २०२२ मध्ये वयाची अट सोडली तेव्हा लू-ॲन आणि तिची आई मार्टिना दोघी अंतिम फेरीत पोचल्या आणि लेक जिंकली. २०२४ पासून मुलगेही आले, विजेते दोन. पहिली विजेती लेना गेर्के २००९ मध्ये शेजारच्या ऑस्ट्रियाच्या आवृत्तीची सूत्रधार झाली. कार्यक्रमानं स्वतःच्या पोटातून सूत्रधार जन्माला घातल्याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ऑस्ट्रेलिया माझी लाडकी. २००५ ला सुरू झालेली, लहान, कमी पैशाची, पण एजन्सीच्या नजरेनं मुली निवडणारी. तिसऱ्या पर्वाची (२००७) विजेती ॲलिस बर्ड्यू बघा: लालसर केस, काटकुळी, थोडी अवघडलेली. टीव्हीवर गोड दिसणाऱ्यांतली ती नव्हती. फोटोत मात्र नजर दुसरीकडे जात नाही. ती पुढे न्यूयॉर्क, मिलान, पॅरिसच्या रॅम्पवर खरोखर चालली. २०११ ची मोंटाना कॉक्सही तशीच. या दोघी एवढ्यासाठी महत्त्वाच्या, की या कार्यक्रमाच्या बहुतेक विजेत्या पहिल्या फळीतल्या रॅम्पवर पोचतच नाहीत. अमेरिकेतून पुढे सगळ्यात मोठं नाव झालं ते कोड असलेल्या विनी हार्लोचं, आणि ती एकविसाव्या पर्वात जिंकलीच नव्हती.

पण याच ऑस्ट्रेलियानं २०१० मध्ये जो गोंधळ घातला तो कुठल्याही एडिटरला रात्री दचकून उठवेल. अंतिम फेरी थेट, प्रेक्षकांची मतं मोजलेली. सूत्रधार सारा मर्डोकनं केल्सी मार्टिनोविच हिचं नाव जाहीर केलं, टाळ्या झाल्या, केल्सी बोलायला लागली, आणि तेवढ्यात साराच्या कानात कुणीतरी सांगितलं की नाव चुकलंय. विजेती अमांडा वेअर होती. साराचा चेहरा पांढराफटक. केल्सी मात्र हसून बाजूला झाली, आणि तिला नंतर २५,००० डॉलर आणि न्यूयॉर्कची सहल देण्यात आली. छापील फोटो हातात असता तर ही वेळ आली नसती. हातातल्या फोटोत कुणाचा चेहरा आहे हे कानातल्या यंत्राला विचारावं लागत नाही.

नेदरलँड्सची आवृत्ती मी फार मन लावून पाहिली नाही, पण तिथला एक खटला प्रत्येक देशाच्या बक्षिसाच्या पाटीखाली चिकटवावा असा आहे. २००८ ची विजेती अनांडा मार्शिल्डन हिला एलिट एजन्सीकडून ७५,००० युरोंच्या कामाचा करार मिळाला होता. नंतर एजन्सीनं तिला सोडलं, कारण नितंबांचं माप ९० सेंटिमीटर हवं होतं आणि तिचं भरत होतं ९२. ती कोर्टात गेली आणि २०१२ मध्ये कोर्टानं तिला उरलेले ६५,००० युरो देववले. दोन सेंटिमीटर! टेप किती ताणून धरली यावर एवढा फरक सहज पडतो.

आशियाची आवृत्ती २०१२ मध्ये स्टार वर्ल्डवर आली आणि तिनं सगळ्यात मोठा बदल केला: प्रत्येक मुलीच्या खांद्याला देशाचं नाव. लगेच मॉडेलिंगचा सामना झाला. देश भिडले की चाहते मतांसाठी तुटून पडतात, आणि काही पर्वांत ऑनलाइन मतांचाही निकालात वाटा होता. तरीही पाचव्या पर्वात (२०१७) फिलिपिन्सची मॉरीन व्रोब्लेवित्झ जिंकली तेव्हा झालेल्या आरडाओरड्यात मी तिच्या बाजूनं होते. चालणं कच्चं, घरात एकटी पडलेली, पण फोटो एकामागून एक असे की बाकीच्या शेजारी ठेवाव्यात आणि गप्प बसावं. आफ्रिकेची आवृत्ती २०१३ ची. सूत्रधार नायजेरियाची ओलुची, जी स्वतः १९९८ मध्ये आफ्रिकेतलीच एक मॉडेलिंग स्पर्धा जिंकून वर आली. विजेती युगांडाची आमितो लागम, जिनं पुढे परदेशात चांगलं काम केलं. हिची पर्वं वाढायला हवी होती. व्हिएतनामनं २०१३ मध्येच मुलग्यांना आत घेतलं, पोलंडनं पुढच्या वर्षी. व्हिएतनामच्या २०१५ च्या पर्वातली हेन निए तिथे जिंकली नाही, आणि २०१८ च्या मिस युनिव्हर्समध्ये पहिल्या पाचांत गेली.

आपल्याकडे एमटीव्हीनं जुलै २०१५ मध्ये 'इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल' आणलं. सूत्रधार लिसा हेडन, सोबत अनुषा दांडेकर, नीरज गाबा आणि डब्बू रत्नानी. डब्बू फोटोग्राफर असल्यानं बैठकीत निदान एक माणूस फोटोविषयी बोलायचा. हनुवटी खाली, खांदा आत, हात मेलेला आहे. बाकीची बैठक 'तुझ्यात ती आग दिसत नाही' या सुरात. पहिल्या पर्वात डॅनियल कॅन्यूट जिंकली, दुसऱ्यात प्रणती राय प्रकाश, जी पुढे अभिनयाकडे गेली. तिसऱ्या पर्वापासून मलायका अरोरा आणि आपले मिलिंद सोमण आले. सोमण कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा एवढ्या सौम्यपणे की परीक्षकाला लागणारा धाक तयारच होत नाही. मला ते आवडतं, पण कार्यक्रमाला झेपत नाही. माझी मुख्य तक्रार एडिटिंगची. फोटो पडद्यावर येतो आणि डोळ्यांनी पकडेपर्यंत तीन चेहऱ्यांचे शॉट येऊन जातात, खाली ढोलासारखं संगीत. अहो, बघू द्या की! चार पर्वांनंतर, २०१९ च्या अखेरीस, त्याच वाहिनीवर 'सुपरमॉडेल ऑफ द इयर' आलं. मलायका आणि सोमण तिथेही होते, पण मेन्टर म्हणून उज्ज्वला राऊत आल्या. परदेशी रॅम्प पायाखालून घातलेली बाई पाय कसा टाकायचा हे शिकवते तेव्हा फरक कळतो. ते मी मन लावून पाहिलं.

नव्यानं बघायला घेणार असाल तर अमेरिकेच्या तिसऱ्या ते सहाव्या पर्वापासून सुरुवात करा, चौथ्यातलं ते शूट डोळ्यांवर हात ठेवून. एकोणिसाव्यानंतरची सोडून दिलीत तरी चालेल. नाइलसाठी बाविसावं बघा. ऑस्ट्रेलियाचं तिसरं आणि सातवं चुकवू नका. जर्मन पर्व पूर्ण बघायला सुट्टी काढावी लागेल. कास्टिंगचे भाग बघा आणि अंतिम फेरीतली गाणी पळवा. ताऱ्यांत सांगायचं तर ऑस्ट्रेलियाला पाचातले चार, जर्मनीला साडेतीन, अमेरिकेला जुन्या पर्वांसाठी चार आणि नव्यांसाठी दोन, आशियाला तीन. भारताला अडीच, त्यातला एक डब्बूंचा.